दाढेची कळ आपोआप थांबली होती, आता रूट कॅनल सांगितलंय

केतकी_म

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण चार दिवस डोक्यात हेच चाललंय.

आठ-नऊ महिन्यांपूर्वी खालची डावी दाढ थंड पाण्याने शिवशिवायला लागली. मी त्या बाजूने चावणं सोडून दिलं. आठवडाभरात प्रकार वाढला. काही गरम प्यायलं की ठणका लागायचा आणि घोट घशाखाली गेला तरी दोन-तीन मिनिटं राहायचा. दोन रात्री तर आडवं पडलं की कळ पार कानात जायची, उठून बसलं की थोडी उतरायची. त्या दोन्ही रात्री मी उशीला टेकून बसून काढल्या. तिसऱ्या दिवशीची डॉक्टरांची वेळ घेतली होती, पण सकाळी उठले तर कळ गायब. थंड लावून पाहिलं, गरम लावून पाहिलं, काहीच नाही. सुटले असं वाटून मी वेळ रद्द केली.

गेल्या आठवड्यात ब्रश करताना त्याच दाढेखाली हिरडीवर मोहरीएवढी पुटकुळी दिसली. दाबली की खारट, घाण चवीचं काहीतरी येतं. दुखत मात्र अजिबात नाही. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, मुळाच्या टोकाशी काळसर गोल डाग दाखवला आणि रूट कॅनल करून वर कॅप घालावी लागेल म्हणाले. कागदावर दाताचा नंबर ३६ लिहिलाय.

जो दात दुखतच नाही त्यावर एवढं सगळं कशाला? नुसत्या अँटिबायोटिकने पुटकुळी जाणार नाही का? आणि तोंडात दात ३२ असतात, मग हा ३६ कुठला? तिथेच विचारायला हवं होतं, पण तोंडात कापूस होता आणि बाहेर आल्यावर एकेक प्रश्न सुचायला लागले.

पाऊलवाट

माझीही अशीच पुटकुळी होती. पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या, गेली. वर्ष होत आलं, मधे एकदा परत आली होती, तेव्हा परत गोळ्या घेतल्या. सध्या काही त्रास नाही. घाई करू नका असं मी म्हणेन.

निशिगंध

केतकी, मी दंतवैद्य आहे. तुमचा एक्स-रे मी पाहिलेला नाही, त्यामुळे तुमच्या दाढेचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही लक्षणं ज्या क्रमाने लिहिली आहेत तो क्रम इतका बोलका आहे की आत काय घडलं असावं ते सांगता येतं.

दाताचं वरचं कवच म्हणजे एनॅमल. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, आणि त्यात एकही जिवंत पेशी नाही. म्हणून कीड कवचात असेपर्यंत काहीही कळत नाही, आणि एकदा खड्डा पडला की तो शरीराला भरून काढता येत नाही. कवचाखाली डेंटिन असतं. त्यात अतिशय बारीक नळ्या असतात, आत द्रव असतो. थंड लागलं की हा द्रव हलतो आणि आतल्या नसेला ते जाणवतं. तुमचं शिवशिवणं हे होतं. त्याच आठवड्यात आला असता तर कदाचित साध्या फिलिंगवर भागलं असतं.

पुढे जंतू दातातल्या नसेपर्यंत पोचले आणि तिला सूज आली. हाताला सूज आली तर हात फुगतो. दाताच्या आत फुगायला जागा नाही, चारी बाजूंनी कडक भिंती. दाब वाढत जातो, तोच तुमचा ठणका. आडवं पडलं की डोक्याकडचा रक्ताचा दाब थोडा वाढतो, दातातलाही वाढतो, म्हणून रात्री बसून काढाव्या लागल्या. थंड-गरमाची कळ लगेच विरली तर नस बहुधा वाचण्यातली असते. मिनिट-मिनिट रेंगाळायला लागली, किंवा काही न लावता आपोआप उठायला लागली, की ती वाचण्यापलीकडे गेलेली असते.

आणि मग ती सकाळ. कळ थांबली, कारण दाबाखाली रक्तपुरवठा तुटून नस मेली. मेलेली नस दुखत नाही. दात बरा झाला नव्हता, त्याने सांगणं थांबवलं होतं.

त्यानंतरचे आठ महिने जंतू मुळातल्या त्या नळीत, जिथे आधी नस होती, वाढत होते. मुळाच्या टोकातून त्यांचा निचरा जबड्याच्या हाडात होत राहिला, तिथलं हाड विरघळलं. एक्स-रेमधला काळा डाग म्हणजे हाड नसलेली जागा. पुवाने हिरडीतून बाहेर पडायला वाट काढली, ती तुमची पुटकुळी. वाट आहे म्हणून दाब साठत नाही, दाब नाही म्हणून दुखत नाही. ती वाट एखाद्या दिवशी बंद झाली तर गाल सुजून तुम्ही रात्री-अपरात्री दवाखाना शोधत असाल.

पाऊलवाट, हे तुमच्यासाठीही आहे, आणि मनापासून सांगते आहे. गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्तातून जिथे जंतू आहेत तिथे पोचते. तुमच्या त्या दातात आता रक्तच जात नाही. हाडातले जंतू कमी होतात म्हणून पुटकुळी मिटते, दातातला साठा तसाच राहतो आणि पुन्हा येतो. दोनदा झालंच आहे. मूळ कारण काढल्याशिवाय नुसती गोळी घेऊन राहू नका. चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडेनासं होणं असेल तर अँटिबायोटिक लागतं, पण तेही दाताच्या उपचाराच्या जोडीला. आणि गिळायला किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला, जिभेखाली किंवा गळ्याकडे सूज उतरली, तर तडक मोठ्या हॉस्पिटलला. तिथे तासांचा प्रश्न असतो.

राहिला ३६. तोंडाचे चार भाग करतात: तुमची वरची उजवी बाजू १, वरची डावी २, खालची डावी ३, खालची उजवी ४. प्रत्येक भागात मधल्या दातापासून मागे मोजत १ ते ८. म्हणजे तिसऱ्या भागातला सहावा दात, "तीन-सहा". छत्तीस असं वाचायचंच नाही. दुधाच्या दातांना याच पद्धतीत ५ ते ८ हे भाग देतात. पुढच्या वेळी दात काढायला किंवा भरायला बसाल तेव्हा कागदावरचा आकडा वाचा आणि डॉक्टरांना बोट लावून दाखवायला सांगा. तेवढा अधिकार प्रत्येक पेशंटला आहे.

केतकी_म

डॉक्टर, वाचून अंगावर काटा आला. त्या सकाळी मी खरंच आनंदात होते. कोणीतरी तेव्हा हे सांगायला हवं होतं.

अवधूत

माहिती चांगली आहे. पण एक प्रश्न राहतो. दात मेलेलाच आहे तर काढून का टाकू नये? एका बैठकीत विषय संपतो. मेलेली गोष्ट शरीरात ठेवल्याने इतर आजार होतात असंही वाचलं होतं.

निशिगंध

काढणं हाही खरा पर्याय आहे आणि काही वेळा तोच योग्य. दात हिरडीखालीपर्यंत फुटलेला असेल, मुळाला उभी चीर असेल, आधाराचं हाडच राहिलं नसेल, तर मी स्वतः काढायलाच सांगते.

पण पहिली मोठी दाढ काढली की विषय संपत नाही, सुरू होतो. मागची दाढ हळूहळू पुढे कलते, वरची दाढ खाली उतरायला लागते, रिकाम्या जागेचं हाड झिजत जातं. मग ब्रिज (शेजारच्या दातांवर टेकवलेला खोटा दात) किंवा इम्प्लांट (हाडात बसवलेलं धातूचं मूळ आणि त्यावर दात) यांचा विचार करावा लागतो. इम्प्लांट ही फार मोठी सोय आहे यात वाद नाही. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी १९५० च्या दशकात सशाच्या हाडावर काम करताना पाहिलं आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. पण स्वतःच्या मुळाभोवती एक बारीक गादीसारखा पडदा असतो, चावताना किती जोर लागतोय हे तो मेंदूला सांगतो. इम्प्लांटभोवती तो नसतो. म्हणून वाचण्यासारखा दात असेल तर आधी तो वाचवायचा, असं माझं मत.

मेलेल्या दातामुळे इतर आजार होतात हे मत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोरात होतं. त्यापायी असंख्य लोकांचे दात काढले गेले आणि त्यांचे आजार तसेच राहिले. नंतरच्या नीट केलेल्या अभ्यासांत ते टिकलं नाही. शिवाय रूट कॅनलनंतरचा दात पूर्ण मेलेला नसतोच. मुळाभोवतीचा पडदा जिवंत असतो, दात त्याच्या आधारावर काम करतो.

समीरा७

कॅपबद्दल माझा अनुभव लिहिते. पाच वर्षांपूर्वी वरच्या दाढेचं रूट कॅनल झालं. दुखणं थांबलं, सिमेंट भरलं होतं, दात छान दिसत होता. कॅपसाठी दोनदा फोन आला, मी गेले नाही. दीड वर्षाने जेवताना काडकन आवाज झाला आणि दाढ मधोमध उभी चिरली. काढावीच लागली. उपचार उत्तम झाला होता, शेवटची पायरी मी सोडली. केतकीताई, कॅप टाळू नका.

निशिगंध

समीरा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. कीड काढताना आणि नळ्यांपर्यंत पोचताना दाढेचा मधला बराच भाग जातो. उरतात त्या बाजूच्या पातळ भिंती. चावताना त्या बाहेरच्या बाजूला ढकलल्या जातात. कॅप त्यांना बाहेरून बांधून ठेवते. समोरच्या दातांना दर वेळी लागतेच असं नाही, दाढांना बहुतेक वेळा लागते.

पाऊलवाट

डॉक्टर, मी उद्याच वेळ घेतोय. पण खरं सांगायचं तर भीती दुखण्याची आहे. आत नेमकं काय करतात?

निशिगंध

चांगला प्रश्न आहे, कारण माहीत नसलेल्या गोष्टीचीच भीती जास्त वाटते.

आधी भूल. हिरडीवर जेल लावून मग सुई, तीही सावकाश. औषध बहुधा लिग्नोकेन, १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेलं, आजही रोजच्या वापरातलं. मग दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात, त्याला रबर डॅम म्हणतात. फक्त तो एक दात बाहेर दिसतो, बाकी तोंड पडद्यामागे. लाळेतले जंतू दातात जात नाहीत आणि बारीक उपकरण किंवा औषध घशात जात नाही. हा पडदा वापरणार का, हे जरूर विचारा. दाताला वरून छिद्र करून नळ्या शोधतात. खालच्या पहिल्या दाढेला मुळं बहुधा दोन, पण नळ्या तीन किंवा चार. केसासारख्या लवचीक फाइल्सनी त्या साफ करतात, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रवाने पुन्हा पुन्हा धुतात. पाणी, औषध, पुन्हा फाइल, असं बराच वेळ चालतं. शेवटी गटापर्चा नावाचा, झाडाच्या चिकापासून मिळणारा पदार्थ भरून नळ्या बंद करतात.

तुमच्या दोघांच्याही दातातली नस गेलेली दिसते, त्यामुळे आत दुखण्यासारखं थोडंच उरलेलं असेल. सूज खूप असताना भूल कधी कमी चढते, तेव्हा हात वर करायचा, डॉक्टर थांबतात. नंतर दोन-तीन दिवस चावताना हुळहुळतं, ते साधारण धरायचं.

मनोहर_प

दुसरा विषय आहे पण विचारतो. वय ५८. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून खालच्या समोरच्या दातांना हल्ली ब्रश लावतच नाही, बोटाने घासतो. डॉक्टर दात साफ करून घ्या म्हणतात. माझ्या मेहुण्यांनी करून घेतलं आणि त्यांचे दात हलायला लागले. तेव्हापासून माझं मन होत नाही.

निशिगंध

मनोहरकाका, या एका समजुतीपायी मी फार दात गेलेले पाहिले आहेत, म्हणून जरा लांबवर लिहिते.

१९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या आऱ्हूस इथे हॅराल्ड लोअ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांचे १२ जण घेतले, त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी. त्यांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा घासायला लावलं, आणि आठवडा-दहा दिवसांत हिरड्या पूर्ववत झाल्या. गोळी नाही, औषध नाही. म्हणजे रक्त ब्रशमुळे येत नाही. दात आणि हिरडीच्या कडेला साठलेल्या जंतूंच्या थरामुळे हिरडी सुजते, आणि सुजलेल्या हिरडीला ब्रश लागला की रक्त दिसतं. तुम्ही रक्त दिसतं म्हणून ब्रश थांबवलात, त्यामुळे थर वाढला, सूज वाढली. नेमकं उलट करायचं आहे: मऊ ब्रश, हलका हात, आणि त्याच जागी जास्त वेळ.

आता दात हलण्याचं. घासून न निघालेल्या थरावर लाळेतली खनिजं बसतात आणि त्याचं कीटण होतं. खालच्या समोरच्या दातांच्या आतल्या बाजूला ते सगळ्यात लवकर धरतं, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. जीभ फिरवली तर खडबडीत लागत असेल बघा. ते हिरडीखाली सरकत जातं, सुजेमुळे खालचं हाड वर्षानुवर्षं झिजतं, आणि दुखत काहीच नाही. दात आधीच सैल झालेले असतात, फक्त कीटणाच्या भिंतीने एकमेकांना चिकटून उभे असतात. ती भिंत काढली की खरी स्थिती उघडी पडते. दोष मात्र साफ करणाऱ्यावर येतो. दात साफ करण्याचं, म्हणजे स्केलिंगचं, यंत्र कंप पावणाऱ्या टोकाने आणि पाण्याने कीटण सोडवतं, ते दात खरवडून काढत नाही. नंतर काही दिवस दात शिवशिवतात आणि मधे फटी जाणवतात. त्या फटी कीटणाने बुजलेल्या होत्या.

मेहुण्यांचे दात हलले ते उशीर झाल्यामुळे. तुमचा झालाय का, हे हिरडीत बारीक मोजपट्टी घालून कळतं. निरोगी हिरडीत ती एक ते तीन मिलिमीटर जाते. तुमचे आकडे किती आले ते विचारा.

आणि दोन प्रश्न: मधुमेह आहे का? तंबाखू किंवा सिगारेट?

मनोहर_प

मधुमेह आठ वर्षं आहे. साखर वर-खाली असते. सिगारेट दोन वर्षांपूर्वी सोडली, गंमत म्हणजे रक्त त्यानंतरच जास्त यायला लागलं.

निशिगंध

सिगारेट सोडलीत हे फार मोठं काम केलंत. धुरातल्या निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आजार असूनही रक्त कमी दिसतं. सोडल्यावर रक्तप्रवाह सुधारतो आणि झाकलेला आजार दिसायला लागतो. हे बिघडण्याचं लक्षण नाही.

मधुमेह आणि हिरड्या यांचं नातं दुहेरी आहे. साखर चढी असेल तर हिरडीचा आजार वेगाने वाढतो, आणि हिरडीत कायमची सूज असेल तर साखर आटोक्यात यायला जड जाते. हिरड्यांचा उपचार नीट झाल्यावर तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा थोडा खाली येतो असं अभ्यासांत दिसलं आहे. तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनाही हिरड्यांबद्दल सांगा. या महिन्यातच जा, काका.

सावली

ब्रशचा विषय निघालाच आहे तर, टूथपेस्ट कुठली चांगली? आणि सकाळचा ब्रश उठल्या उठल्या की खाऊन झाल्यावर?

निशिगंध

नावापेक्षा पाठीमागचा आकडा वाचा. फ्लोराइड १००० ते १५०० पीपीएम (दहा लाखात इतके भाग) असावं. बाकी रंग, चव, फेस आपल्या आवडीचा. कोळशाच्या आणि खरखरीत पावडरींनी मात्र कवच झिजतं.

रात्री झोपण्यापूर्वीचा ब्रश सगळ्यात महत्त्वाचा, कारण झोपेत लाळ फार कमी होते आणि दातांचं संरक्षण लाळच करते. गोड काही खाल्लं की थरातले जंतू काही मिनिटांत आम्ल तयार करतात. पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की कवचातून खनिज सुटायला लागतं. लाळ अर्ध्या-एक तासात ते सावरून घेते आणि खनिज परत बसवते. तुम्ही दर तासाला काहीतरी गोड तोंडात टाकलंत तर लाळेला ती संधीच मिळत नाही. म्हणून किती खाल्लं याइतकंच कितीदा खाल्लं हेही मोजायचं. सकाळी खाण्याआधी घासलंत तरी चालेल. आंबट खाल्ल्या-खाल्ल्या लगेच मात्र नको, अर्धा तास जाऊ द्या.

आणि एक सवय बदला: घासून झाल्यावर फेस थुंका, पण पाण्याने खळखळून चूळ भरू नका. भरलीत तर दातावर राहायला हवं ते फ्लोराइड बरंचसं वाहून जातं. दोन दातांच्या मधल्या जागेत ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस (दातांमधून फिरवायचा बारीक दोरा) किंवा फटीत जाणारा छोटा इंटरडेंटल ब्रश.

मृण्मयी

मी पाचव्या महिन्यात आहे. हिरड्या सुजल्यात, एक दाढ दुखतेय. घरचे म्हणतात आता दाताचं काही करायचं नाही, एक्स-रे तर मुळीच नाही. बाळंतपणापर्यंत थांबू का?

निशिगंध

थांबू नका. चौथा ते सहावा महिना दाताच्या उपचारांना सगळ्यात सोयीचा, आणि तुम्ही नेमक्या त्यात आहात. लिग्नोकेनची भूल चालते. दाताच्या एका छोट्या एक्स-रेचा किरणांचा डोस काही मायक्रोसिव्हर्ट असतो (हजार मायक्रो म्हणजे एक मिलि). निसर्गातूनच प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे दिवसाला सहा-साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. तरी गरज असेल तरच काढायचा. बाळाला धोका न केलेल्या उपचाराचा जास्त: अंगात मुरलेला संसर्ग, ताप, आणि मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. गोळी विचारल्याशिवाय एकही घेऊ नका. हिरड्यांची सूज हार्मोन्समुळे वाढते, घासणं सोडू नका. उलटी झाली तर लगेच ब्रश नको, नुसत्या पाण्याने चूळ भरा.

विहंग

मी शाळेत खेळ शिकवतो. गेल्या महिन्यात मैदानावर नऊ वर्षांच्या मुलाचा वरचा पुढचा दात मुळासकट पडला. मी रक्त थांबवलं, दात नळाखाली घासून स्वच्छ धुतला, रुमालात गुंडाळून पालकांकडे दिला. दोन तासांनी ते दवाखान्यात पोचले. दात बसवला, पण टिकेल याची खात्री नाही म्हणाले. माझं काय चुकलं ते कळलं पाहिजे, कारण हे पुन्हा होऊ शकतं.

निशिगंध

सर, तुमच्यासारखं विचारणारे फार थोडे. मुळावर लालसर पातळ पडदा असतो, मघाशी म्हटला तोच. दात परत रुजतो तो या पडद्यातल्या जिवंत पेशींमुळे. कोरड्या हवेत त्या भराभर मरतात, तासाभराने फारशा उरत नाहीत. घासल्याने पडदाच निघतो, आणि साध्या पाण्यात बुडवून ठेवलं तर पेशी फुगून फुटतात.

पुढच्या वेळी असं करा. दात फक्त वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने अलगद धुवा, ते नसेल तर पाण्याची हलकी धार काही सेकंद. घासायचं नाही. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर दात तिथेच खळग्यात बसवा, चपटी बाजू जिभेकडे नको, ओठाकडे, आणि रुमाल चावून धरायला लावा. जमत नसेल तर थंड दुधात घालून दवाखाना गाठा. पहिली काही मिनिटं सोन्याची. डोक्याला मार असेल, बेशुद्धी किंवा उलट्या असतील तर दात बाजूला, आधी हॉस्पिटल. आणि दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. नऊ वर्षांच्या मुलाचा वरचा पुढचा दात पक्काच असतो.

अवधूत

वडील ७२. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, दोन दात काढायचेत. गोळी किती दिवस आधी बंद करायची?

निशिगंध

आपल्या मनाने एकही दिवस नाही. बहुतेक वेळा ती चालू ठेवूनच दात काढतात, टाके आणि दाबाच्या बोळ्याने रक्त थांबतं. गोळी बंद केल्याने हृदयाला किंवा मेंदूला होणारा धोका हिरडीतल्या रक्तापेक्षा कितीतरी मोठा. हाडं ठिसूळ झाल्याची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर तेही आधीच सांगा, त्यात जबड्याचं हाड भरून येण्याला अडथळा येऊ शकतो. काढल्यावर बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. दिवसभर थुंकायचं नाही, गुळण्या नाहीत, सिगारेट नाही. खळग्यात धरलेली रक्ताची गुठळी सुटली तर दोन-तीन दिवसांनी भयंकर ठणका लागतो.

सावली

जिभेच्या कडेला पांढरट चट्टा आहे, महिना झाला असेल. दुखत नाही म्हणून लक्ष दिलं नव्हतं. हा धागा वाचून विचारतेय.

निशिगंध

सावली, उद्या दाखवा. साधं तोंड आलेलं असेल तर दहा-बारा दिवसांत भरतं. दोन आठवड्यांवर राहिलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दुखो वा न दुखो, तपासून घ्यायचीच. बऱ्याचदा टोकदार दाताचं घासणं एवढंच निघतं. पण तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही, आणि सुरुवातीलाच सापडला तर उपचार पुष्कळ सोपा असतो. काय निघालं ते इथे नक्की कळवा.

सावली

कळवते. तपासलं, मागच्या दाढेचा तुटका कोपरा लागत होता. तो घासून गुळगुळीत केलाय आणि दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. तेव्हाही चट्टा असेल तर तुकडा काढून तपासणार आहेत.

केतकी_म

तीन आठवड्यांनी लिहितेय. दोन बैठकांत रूट कॅनल झालं. रबरी पडदा लावला होता. सुरुवातीला गुदमरल्यासारखं वाटलं, नाकाने श्वास घ्यायला सांगितलं आणि मग काही वाटलं नाही. सुईखेरीज कुठेही दुखलं नाही. पुटकुळी आठवड्यात दिसेनाशी झाली. कॅपचं माप दिलंय. हाड भरायला सहा महिने ते वर्ष लागेल, तेव्हा पुन्हा एक्स-रे काढू म्हणालेत.

अजून एक. काल रात्री मुलाचे दात घासून देत होते. तो सहा वर्षांचा आहे, एकही दात पडलेला नाही. टॉर्च लावून पाहिलं तर खाली डावीकडे, अगदी शेवटी, हिरडीतून दाढेचं टोक वर आलेलं. तीन-सहा. दुधाची दाढ असेल म्हणून आम्ही तिकडे ब्रशच नेत नव्हतो.

निशिगंध

तीच ती, पहिली पक्की दाढ. दुधाचे २० दात जागच्या जागी असताना त्यांच्या मागे गुपचूप येते, म्हणून जवळजवळ सगळेच आईवडील तिला दुधाची समजतात. अर्धवट वर आलेली असताना ती शेजारच्या दातांपेक्षा ठेंगणी असते, सरळ धरलेला ब्रश तिच्या वरून निघून जातो. गालाच्या बाजूने ब्रश आडवा घालून घासा. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी. पूर्ण वर आली की डॉक्टरांना खाचा दाखवा. खोल असतील तर त्यात सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा लेप, भरून घेता येतं, सुई नाही, ड्रिल नाही, काही मिनिटांचं काम. उजवीकडेही बघितलंत का?

केतकी_म

आत्ता बघून आले. तिकडेही आलीय.